पेनड्राइव्ह लावून ‘डिस्क मेली’ असं दाखवतात, सावध राहा

माझ्याच लॅपटॉपमधली डिस्क पुसून मला नवी म्हणून विकली गेली. वर आतला डेटा ‘रिकव्हर’ करून दिल्याचे वेगळे पैसे घेतले. हे सोलापुरात घडलं, पण ज्या रीतीने घडलं ती रीत कुठल्याही गावात चालेल, म्हणून सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव देत नाही. नावापेक्षा ती रीत ओळखता येणं महत्त्वाचं आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल आणि चादर कारखान्यांचे हिशेब बघते. टॅली, जीएसटी, कामगारांचे पगार, सगळं एकाच लॅपटॉपवर. मार्चची १८ तारीख होती आणि जीएसटीचं ३बी हे विवरणपत्र भरायची मुदत २० ला संपत होती. रात्री विंडोजचं अपडेट चालू असताना लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, ती काही तग धरेना. सकाळी बघते तर निळा स्क्रीन, मग आपोआप रीस्टार्ट, परत निळा स्क्रीन. टॅलीचा बॅकअप होता, पण त्यानंतरच्या नोंदी आणि पगारपत्रकं लॅपटॉपमध्येच होती.

शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने माझ्यासमोरच पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू करताना एफ १२ दाबलं आणि पेनड्राइव्हवरून विंडोजचं सेटअप सुरू केलं. दोन-तीन स्क्रीन पुढे गेले. मग जिथे डिस्कची यादी यायला हवी तिथे नुसती पांढरी चौकट आली, खाली इंग्रजीत एक ओळ, की ड्राइव्ह सापडला नाही. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “बघा मॅडम, मशीनला डिस्कच दिसंना. मेली ही. डेटा पायजे असंल तर पुण्याला लॅबला पाठवावी लागंल.”

समोर रिकामी यादी दिसत असताना कोण काय बोलणार? एसएसडीचे, म्हणजे नव्या डिस्कचे ५,२००, रिकव्हरीचे ७,५००, विंडोजचे १,२०० ठरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप चालू होऊन हातात आला, डेटाही सगळा होता. जुनी डिस्क मागितली तर म्हणाला, लॅबवाले परत देत नाहीत. बिल मात्र मी आग्रहाने घेतलं. त्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘५१२ जीबी एसएसडी, न्यू’, आणि शिक्का मारला. पुढे त्याच कागदाने तारलं.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने सहज माझा लॅपटॉप बघितला आणि म्हणाला, “मावशी, हा तर होम होता ना? यात प्रो टाकलंय.” त्याच्या बोलण्याचा अर्थ असा. होम आणि प्रो या विंडोजच्या दोन आवृत्त्या. विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची ‘की’, म्हणजे विंडोजच्या परवान्याचा क्रमांक, मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. विंडोज ८ पासून ही पद्धत आहे. त्यामुळे तीच आवृत्ती परत टाकली तर की विचारत नाही आणि इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होते. माझ्या लॅपटॉपला विंडोज विकत घ्यायची गरजच नव्हती. दुकानदाराने चोरीचं प्रो टाकलं होतं, आणि ते चालावं म्हणून ॲक्टिव्हेटरचं, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं फोल्डर डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळून ठेवलं होतं. ज्या लॅपटॉपवर कारखान्यांचे बँक व्यवहार होतात, त्यावर हे!

मग भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. डिस्क एकूण किती तास चालली याची नोंद ती स्वतःच ठेवते, आणि फॉरमॅट मारलं म्हणून ती नोंद जात नाही. माझ्या ‘नव्या’ डिस्कचे तास होते ६,२१४. खालचं झाकण उघडलं तर डिस्कच्या लेबलवर लॅपटॉपच्याच कंपनीचा पार्ट नंबर. पुण्याला काही गेलंच नव्हतं. दुकानातच फाइली बाहेर काढल्या, डिस्क कोरी केली, विंडोज टाकलं आणि फाइली परत भरल्या.

पण मग ती रिकामी यादी? ती खरीच होती, आणि सगळी मेख तिथेच आहे. माझा लॅपटॉप २०२१ चा, अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क हाताळणारी सोय चालू असते आणि एसएसडी तिच्यामागे जोडलेली असते. विंडोजच्या सेटअप पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, पुष्कळदा नसतो. डिस्क ठणठणीत असते, पण पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या सेटअपला ती दिसत नाही. त्याच स्क्रीनवर ‘लोड ड्रायव्हर’ असं बटण असतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवायचा, त्याची फाइल उलगडून (एक्स्ट्रॅक्ट करून) फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचं आणि त्या बटणातून दाखवायचं, की डिस्क यादीत येते. दुसरा मार्ग म्हणजे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणं. पण तसं केलं की आधीपासून टाकलेलं विंडोज निळा स्क्रीन दाखवू शकतं, म्हणून तो मार्ग विचार करून घ्यावा.

आणि हे दुकानदाराला माहीत नव्हतं असं म्हणताच येत नाही. त्याच लॅपटॉपमध्ये त्याने विंडोज टाकलं ना? म्हणजे यापैकी एक मार्ग त्याने वापरलाच. यादी कशी भरते हे माहीत असताना त्याने मला ती रिकामी दाखवली. मला पैशापेक्षा याचा संताप जास्त आहे.

तेव्हा तुमच्यासमोर कोणी पेनड्राइव्ह लावून ‘डिस्क दिसत नाही’ म्हणालं, तर त्याला आधी बायोस उघडायला सांगा. डेल आणि एसरला एफ २, एचपीला एफ १०, बाकीच्यांचं बटण कोणतं ते लॅपटॉप चालू होताना बहुधा स्क्रीनवर येतं. तिथे डिस्कचं नाव आणि जीबी दिसत असतील, तर डिस्क मशीनला सापडलेली आहे आणि नुसत्या रिकाम्या यादीवरून तिला मेलेली ठरवता येत नाही. तिथेही नाव नसेल तर डिस्क खराब असण्याचा किंवा तिची जोडणी सैल असण्याचा विचार करायचा. नाव दिसत असेल तर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. काही बायोसमध्ये सीरियल नंबरही असतो, तो फोटोत आला तर फारच चांगलं, कारण डिस्क बदलली का नाही ते त्यावरून लगेच कळतं.

विंडोज सेटअपचा पेनड्राइव्ह घरी करून ठेवणंही अवघड नाही. ८ जीबीचा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं, ते चालवलं की झालं. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं मात्र पुसलं जातं. डेटा तेवढा बाहेर काढायचा असेल तर उबंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट सिस्टिमचा पेनड्राइव्ह जास्त कामाचा. त्यात ‘ट्राय उबंटू’ निवडलं की मशीन पेनड्राइव्हवरून चालतं, डिस्कवर काही लिहिलं जात नाही, आणि फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करता येतात. विंडोजच्या सेटअपमध्ये डिस्कचा विभाग (पार्टिशन) पुसायचं किंवा फॉरमॅटचं बटण मात्र डेटा हातात आल्याशिवाय कोणालाही दाबू देऊ नका.

बिल आणि तासांचा स्क्रीनशॉट घेऊन मी परत गेले. आधी त्याने दुकानातल्या पोराने केलं म्हणून सांगितलं, मग रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेली पण नीट करून विकलेली डिस्क होती म्हणाला. बिलावरचं ‘न्यू’ दाखवलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करते म्हटलं, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही हेही सांगितलं. एसएसडीचे आणि रिकव्हरीचे पैसे त्याने परत दिले. विंडोजचे दिले नाहीत.

पैसे मिळाले, पण डेटाची एक प्रत त्याच्याकडे राहून गेली असेल, त्याचं काय? त्याने माझा विंडोजचा पासवर्ड एकदाही विचारला नव्हता. त्याला तो लागलाच नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कीशिवाय वाचता येणार नाही अशी केलेली नसेल तर पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करणाऱ्याला आतली प्रत्येक फाइल वाचता येते, लॉगिनचा पासवर्ड तिथे आडवा येत नाही. माझ्याकडे कामगारांचे आधार, मालकांचे पॅन, बँकेचे तपशील होते. प्रत्येक कारखान्यात जाऊन मालकांना हे सांगितलं, जीएसटी पोर्टल, ई-वे बिल आणि बँकेचे पासवर्ड बदलून घेतले. हे सांगणं त्या सगळ्यात जड होतं, पण सांगणं भाग होतं.

नंतर भाच्याने चोरीचं प्रो काढून मूळ होम टाकलं आणि सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू करून दिलं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवली आहे. गरज पडेल तेव्हा ती कुठेच सापडली नाही तर माझाच डेटा मला मिळणार नाही, म्हणून एक प्रत भावाकडेही दिली. यापुढे कोणाला पेनड्राइव्ह लावून आतल्या फाइली बघायच्या असतील, तर आधी माझ्याकडे ती की मागावी लागेल.