फॅमिली ट्रस्टच्या नावाखाली आमचे २,८५,००० रुपये गेले

३५,००० रोख, 'सल्ल्याचे'. १,१०,००० चेकने, मसुद्याचे. १,४०,००० एनईएफटीने, 'नोंदणी आणि स्टॅम्प ड्यूटी'चे. एकूण २,८५,००० रुपये. एवढे मोजून आमच्या कपाटात जो कागद पडून आहे, त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. सांगायला लाज वाटते. पण आम्हाला फॅमिली ट्रस्ट, म्हणजे घरची मालमत्ता घरच्यांसाठी विश्वस्तांच्या (ट्रस्टींच्या) ताब्यात द्यायची व्यवस्था, करून देतो म्हणणारा माणूस गोव्यात फोंडा, डिचोलीकडे कुळागरवाल्यांच्या (सुपारी-मसाल्यांच्या बागा असलेल्यांच्या) घरी अजून फिरतोय असं कळलं, म्हणून लिहितोय.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा तो एका नातेवाइकाच्या ओळखीने आला. आजोबांच्या पाठीमागे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायची गोव्यातली कोर्टाची प्रक्रिया, किती रखडली, ते आम्ही भोगलं होतं. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "ट्रस्ट केला की इन्व्हेंटरी नको, टॅक्स नको, कुळागराचे तुकडे नकोत." ताईला वगळायचं आमच्या मनात कधीच नव्हतं. जमीन एकत्र राहावी, एवढंच.

सह्यांचा दिवस आठवला की अजून डोकं फिरतं. बाबांनी थरथरत्या हाताने प्रत्येक पानावर सही केली. आई चहा घेऊन आली. त्याने कप घेतला, कागद मात्र तिच्यापुढे केलाच नाही. मी विचारलं, तर म्हणतो, "काकींची सही कशाला? एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव काकांचं आहे." (एक-चौदा म्हणजे गोव्यातला सातबारा.) अरे, गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, अर्धी आईची! साधी जागा विकायची तरी दोघांच्या सह्या लागतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तिथेच त्याला उंबऱ्याबाहेर काढायला हवं होतं. पण घरात औषधं, फिजिओथेरपी, रात्रीची जागरणं. आणि समोरचा माणूस कलमं तोंडपाठ म्हणणारा. त्या परिस्थितीत कुणीही विश्वास ठेवला असता.

पुढे प्रमाणित प्रत काढायला गेलो, तेव्हा सब-रजिस्ट्रारकडे असा दस्त नोंदलाच नाही असं कळलं. आमच्या कागदावर नोटरीचा गोल शिक्का आहे, बस. नोंदणी झालेल्या दस्तावर सही करणाऱ्यांचे फोटो, अंगठ्याचे ठसे आणि नोंदणी क्रमांक असतो. तुमच्या घरी असा कागद असेल तर आजच पानं उलटून बघा. १८८२ च्या ट्रस्ट कायद्याच्या कलम ५ प्रमाणे स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट एक तर नोंदणीकृत दस्ताने होतो, नाही तर मृत्युपत्राने. नोटरीच्या शिक्क्याने होत नाही. आणि १,४०,००० च्या सरकारी चलनाची पावती? आजतागायत नाही. पैसे गेले त्याच्या वैयक्तिक खात्यात. चलन हातात आल्याशिवाय नोंदणीच्या नावाने एक रुपया देऊ नका.

खऱ्या वकिलाने मसुदा वाचला तेव्हा आणखी कळलं. 'मॅनेजिंग ट्रस्टी' म्हणून त्याने स्वतःचंच नाव घातलं होतं, जमीन विकायच्या अधिकारासकट! लाभार्थींचे वाटे ट्रस्टीच्या मर्जीवर, म्हणजे उत्पन्नावर टॅक्स वाचणं दूरच, तो सगळ्यात वरच्या दराने लागला असता. शिवाय बाबांच्या अर्ध्या हिश्शातलाही अर्धा भाग गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्याने मुलांसाठी राखीव. ट्रस्ट केला म्हणून तो हक्क बुडत नाही. ताईने उद्या हरकत घेतली असती, तर तिचंच बरोबर ठरलं असतं.

पोलिस स्टेशनवर काय झालं? "हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा." तक्रार हातात न घेताच! खोट्या नोंदणीच्या नावाने पैसे उकळणं सिव्हिल कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. दुसऱ्या एका कार्यालयात सल्ला मिळाला, "चॅरिटी कमिशनरकडे जा." ते पद महाराष्ट्र, गुजरातसारख्या राज्यांतलं, तेही सार्वजनिक ट्रस्टांसाठी, आमचा खासगी, घरचा ट्रस्ट! खुर्चीवर बसलेल्या माणसाला एवढंही माहीत नसावं? आजारी बापाला घरी ठेवून माणूस दारोदार फिरतो, आणि प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचं नाव ऐकतो. लेखी नकार मागितला, तर तोही कुणी देत नाही.

शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांना पाठवली. पोचपावती जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हा माणूस वकील नाही, 'कन्सल्टंट' आहे, हे नंतर उघड झालं. वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल आहे. पण याला ती ढाल नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. मूळ कागद मागायला त्याचा माणूस येऊन गेला. दिला नाही. तुम्हीही देऊ नका, तोच पुरावा आहे.