१४ महिने घरच्या बोअरच्या पाण्यावर

नळाचं कनेक्शन बंद ठेवून सगळं घर स्वतःच्या बोअरवर घेतलं, त्याला १४ महिने झाले. पाणी कसं आहे, असं जो तो विचारतो. पाणी चांगलं आहे. फक्त पूर्वी ज्या पाणी खात्याला आम्ही बोटं मोडायचो, ते खातं आता घरात मीच चालवतो.

बोअर घेण्याचं कारण एकच, दाब. नळाच्या पाण्याला वरच्या मजल्यावर धारच यायची नाही. आता शॉवर अंगाला टोचतो इतका दाब आहे. त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

बोअर ६० मीटर, पाणी २० मीटरवर उभं, सबमर्सिबल मोटर ५० मीटरवर सोडलेली. बोअर मारताना उसळलेलं पाणी बघून हुरळून जाऊ नका. मोटर काही तास सलग चालवायची आणि पातळी उतरत उतरत कुठे थांबते ते मोजायचं, तोच आकडा खरा. आमची पातळी कोरड्या दिवसांत ३१ मीटरपर्यंत गेली होती. मोटर भोवतीच्या पाण्यानेच गार राहते, उघडी पडली की जळालीच. म्हणून पाणी संपताच मोटर बंद करणारं ड्राय रनचं उपकरण पहिल्या दिवसापासून बसवलं.

पहिल्या आठवड्यात बादली भरून ठेवली तेव्हा पाणी काचेसारखं होतं. तासाभराने बघतो तर पिवळसर, संध्याकाळी तळाशी विटकरी गाळ. पांढरे कपडे तर वायाच गेले. हे विरघळलेलं लोह. जमिनीखाली दिसत नाही, हवा लागली की गंजून बाहेर पडतं. पाण्यात लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की कपड्यांवर आणि बेसिनवर डाग पडू लागतात; आमचं ०.८ निघालं. लोहाचा फिल्टर बसवल्यावर ती कटकट संपली, पण त्याला बॅकवॉश द्यायचं, म्हणजे उलट पाणी सोडून धुवायचं, विसरलो की धार बारीक होऊन तो आपणहून आठवण करून देतो.

पाणी जडही आहे, काठिण्य लिटरला ३८० मिलिग्रॅम. साबणाला फेस नाही, शॉवरची भोकं दोन महिन्यांत बुजली. सॉफ्टनर घेतला. विकणारे सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. दर १०० मिलिग्रॅम काठिण्यामागे साधारण ४६ मिलिग्रॅम. आमच्या हिशोबाने लिटरला १७५ मिलिग्रॅमच्या आसपास. आईला मीठ कमी करायला सांगितलंय, त्यामुळे पिण्याच्या नळाची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढली.

आता मुख्य गोष्ट. बोअर घेताना केलेली तपासणी स्वच्छ आली होती आणि मी निर्धास्त होतो. मोठा पाऊस झाल्यावर सहज म्हणून पुन्हा नमुना दिला, तर ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, सापडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ते एकही असता कामा नये. पाण्याला वास नाही, चवीत फरक नाही, आम्ही मजेत पीत होतो. त्या दिवशी पोटात गोळा आला तो भीतीने.

दोष केसिंगचा, म्हणजे बोअरमध्ये वरून उतरवलेल्या पाइपाचा होता. तोंड जमिनीलगत, झाकण सैल आणि भोवती पावसाचं डबकं, म्हणजे अंगणातलं पाणी पाइपाच्या कडेने थेट खाली. केसिंग फूटभर वर उचललं, भोवती उताराचा ओटा घातला, झाकण घट्ट केलं. मग क्लोरिनचा जबर डोस. १५ सेंटिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये मीटरमागे सुमारे १७.७ लिटर पाणी मावतं. ४० मीटर पाणी म्हणजे जवळजवळ ७०० लिटर, आणि लिटरला ५० मिलिग्रॅम धरलं तर ३५ ग्रॅम क्लोरिन. घरातला प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडला, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सोडलं तर लालभडक पाणी! आधी हबकलो, मग कळलं, क्लोरिनने लोहच बाहेर काढलंय. ते पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका, तिथले उपयोगी जिवाणू मरतात. वास पूर्ण गेल्यावर पुन्हा नमुना दिला, तेव्हा स्वच्छ आला.

त्यानंतर यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा दिवा, बसवला. क्रम महत्त्वाचा: आधी लोहाचा फिल्टर, मग बारीक गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा, शेवटी यूव्ही. पाणी गढूळ असलं किंवा दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर लोह बसलं तर प्रकाश जंतूंपर्यंत पोचतच नाही. खतं आणि सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटवर मात्र यूव्हीचा काही उपयोग नाही, आणि उकळल्यावर पाणी आटून त्याचं प्रमाण उलट वाढतं. तान्ह्या बाळाला नायट्रेट बाधतं. म्हणून वर्षातून एकदा जंतूंबरोबर नायट्रेटही तपासतो. आर्सेनिक, फ्लोराइड सुरुवातीलाच तपासून घेतले होते, ते ठीक होते.

एक किरकोळ, पण झोप उडवणारा प्रकार. नळ सोडला की मोटर दर चार-पाच सेकंदांनी चालू-बंद, टक टक टक. मला वाटलं मोटर गेली. दाब टिकवून धरणाऱ्या प्रेशर टाकीतली हवा कमी झाली होती, इतकंच. मोटर बंद करून टाकीतलं पाणी काढलं आणि मोटर ज्या दाबाला सुरू होते त्याहून २ पीएसआय कमी, म्हणजे आमच्याकडे ३८, इतकी हवा सायकलच्या पंपाने भरली. दुर्लक्ष केलं असतं तर मोटर खरंच गेली असती.

वीज गेली की पाणी बंद, हे मात्र सहन होत नाही. पुन्हा करायचं झालं तर वरच्या टाकीपासून सुरुवात करेन. सध्या ती बसवायचं काम काढलंय. नळाचं कनेक्शन तोडलेलं नाही आणि तोडणारही नाही. ती लाइन टाकीत वरून पडेल, मध्ये मोकळी हवा ठेवून. दोन्ही लाइन नुसता व्हॉल्व्ह टाकून जोडायचा सल्ला एका प्लंबरने दिला होता. तो व्हॉल्व्ह गळला तर माझ्या बोअरचं पाणी सगळ्या गल्लीच्या नळात जाईल.

यूव्हीच्या दिव्याचे आज ८,४०० तास झाले. ९,००० नंतरही तो निळा दिसत राहतो, जंतू पुरेसे मारेल याची खात्री मात्र राहत नाही. नवा दिवा आणून कपाटात ठेवलाय.