हार्ट अटॅकनंतर इथं जरूर या (कार्डियाक रिहॅब केंद्राचा अनुभव)

स्टेंट बसवून घरी आले आणि खरी भीती तिथून सुरू झाली. मी घरगुती डबे देते. पण कणीक मळायलाही हात धजेना. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, 40 टक्के आलं होतं, निरोगी हृदयाचं 55 च्या आसपास किंवा वर असतं, एवढंच डोक्यात फिरत राहायचं. आमच्या डॉक्टरांनी इथं रिहॅबला, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम करायला पाठवलं.

आल्याआल्या मशीनवर चढवत नाहीत. आधी पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालायचं, दम लागला तर थांबायचं. किती मीटर झाले ते लिहून घेतात. पुढे ट्रेडमिल, छातीला वायरी, समोर ईसीजी. भिंतीवर 6 ते 20 आकड्यांचा तक्ता आहे. 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे आता अजिबात शक्य नाही. फिजिओ मॅडम मधूनमधून विचारतात, "काकू, कितीवर आहात?" आपण सांगू तो आकडा त्या खरा मानतात. मला बीटा ब्लॉकरची गोळी आहे, तिच्यामुळे नाडी वाढतच नाही फारशी, म्हणून नुसते ठोके मोजून भागत नाही. माझ्या शरीराचं मला कळतं, हा विश्वास मला त्या तक्त्यानं परत दिला. व्यायाम संपल्यावर लगेच बसू देत नाहीत, हळूहळू चालवतात. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं आणि चक्कर येते.

पंपिंग आता थोडंसं सुधारलंय. पूर्वीइतकं काम होणार नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी निम्म्याच घेतल्या. भाजणी मी भाजली, चकल्या सुनेनं पाडल्या, छान झाल्या. दुपारी झोपते. उठून खिडकीत बसून चहा घेते, खालच्या पोरांचा क्रिकेटवरून चाललेला वाद ऐकते. अजून काही मिळवायचं राहिलंय असं वाटत नाही. अटॅकच्या आधी हे सुख मला माहीत नव्हतं, खरंच.

फी माझ्या विम्यात बसली नाही, तुम्ही आधी विचारून घ्या. पार्किंग नाही, रिक्षानं या.

बॅचमध्ये बायका फार कमी दिसतात, त्याचं वाईट वाटतं. सकाळी उशिराची बॅच आहे, स्वयंपाक उरकून येता येतं. घरच्यांनी पहिल्या दिवशी सोबत यावं.