एक गुंठा अंगण हाये, लॉन करू का झाडं लावू?

घर बांधून झालं की हा प्रश्न येतोच, आणि आमच्या घरात दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय. माझं घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, तिथं झाडोरा. धाकट्या भावाचं सांगलीत विश्रामबागला, त्यानं मेक्सिकन लॉन टाकलं. जागा दोघांकडं साधारण एकेक गुंठाच.

आधी पाण्याचं बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, १०० स्क्वेअर मीटरच्या जरा वर. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी ५०० लिटर होतं, आणि ते रोज. शिवाय कापणी, तण, खत. माझ्याकडं पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला लागलं, आता बुंध्याशी पाचोळ्याचा जाड थर दिला की आठवड्यातनं एकदा पुरतं.

पण खरा फरक पाण्याचा नाहीच, अंगणात कोण राहायला येतंय त्याचा हाये. फुलं लावली की फुलपाखरं येतात असं सगळे म्हणतात, येतात पण, मध पिऊन निघून जातात. राहायची असतील तर अळीला खायला पान पाहिजे आणि प्रत्येकीचं झाड ठरलेलं असतं. लिंबू, कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालतात, रुईवर प्लेन टायगर, कृष्णकमळावर टॉनी कोस्टर. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ ला जाहीर झालेलं, त्याच्या अळीलाही लिंबाच्याच कुळातली झाडं लागतात. लिंबावरची अळी सुरवातीला पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार, ती बघून लोक लगेच फवारा मारतात, कृपा करून मारू नका, झाड मोठं असेल तर चार फांद्या खाल्ल्यानं त्याला काय होत नाही. जास्वंदीला शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी, येतो, शिंपी पक्षी रुंद पानं शिवून घरटं करतो. हे सगळं माझ्या पोरीनं ओट्यावर बसून बघितलंय आणि मला हे लॉनपेक्षा लाखपटीनं मोलाचं वाटतं. घाणेरीवर पण फुलपाखरं खूप येतात, तरी लावू नका, ती पसरली की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही.

लॉनच्या बाजूनं पण बोललं पाहिजे. पोरं लहान असतील तर लोळायला, बॉल खेळायला त्याच्यासारखं काय नाही, आणि भावाचं अंगण स्वच्छ दिसतं हे मान्यच. पण त्याला नर्सरीवाल्यानं कंपाउंडच्या कडंनं कोनोकार्पस, म्हणजे कुंपणाला लावतात ते झपाट्यानं वाढणारं परदेशी झाड, लावायला सांगितलेलं, ते तेवढं मी हट्टानं थांबवलं. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय.

सापांची भीती घरातल्या बायकांनी पहिल्यांदा काढली आणि ती खरी हाये. साप उंदरांमागं येतो, म्हणून भिंतीला लागून पाचोळा, विटा, लाकडं ठेवायची नाहीत, झुडपांच्या खालच्या फांद्या छाटायच्या, सांडलेलं धान्य रोज झाडायचं. पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवाल तर रोज ओतून घासून भरायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

मला विचाराल तर पोरांपुरता दहा बाय दहाचा हिरवळीचा तुकडा ठेवा आणि बाकी सगळं झाडांना द्या. भाऊपण यंदा तेच करतोय. लागवड जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. साताऱ्यात मुरूम असेल तर दोन फुटांचा खड्डा काढून चांगली माती आणि शेणखत भरा, सांगलीच्या काळ्या मातीत उलटं, तिथं पाणी साठून लिंबाची मुळं कुजतात, म्हणून रोप उंचवट्यावर लावा आणि बुंध्याला पाणी लागू देऊ नका.