हापूसच्या ऑर्डरचा फॉर्म: तयार बिल्डर की वर्डप्रेस?

रत्नागिरीजवळ आमची आंब्याची बाग आहे आणि गेली काही वर्षं आम्ही पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. वेबसाइट आधीपासून होती, पण ती नुसती पाटी होती: फोटो, पत्ता, फोन नंबर. गिऱ्हाइकाला तिथंच ऑर्डर नोंदवता यावी, पिनकोड टाकून आपल्या भागात पेटी येते का ते बघता यावं, असं ठरवलं तेव्हा दोन रस्ते समोर होते. एक, वर्गणी भरून मिळणारा तयार बिल्डर, ज्यात हवा तो भाग उचलून पानावर ठेवायचा. दुसरा, स्वतःचं होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) घेऊन वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवायचं फुकट सॉफ्टवेअर, आणि त्यावर प्लगइन, म्हणजे वरून बसवायचे जोड. मी एक हंगाम पहिल्यावर काढला आणि नंतरचे दोन दुसऱ्यावर.

बिल्डरचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. एका संध्याकाळीत फॉर्म उभा राहिला. किती डझन हवेत ते निवडलं की खाली रक्कम दिसायची. आंब्याचा भाव मार्चअखेरीला असतो तो मेच्या मध्यावर राहत नाही. मी बागेत उभा राहून मोबाइलवरून दर बदलायचो आणि पानावर लगेच नवी रक्कम दिसायची. आलेली प्रत्येक ऑर्डर एका तक्त्यात ओळीने नोंदलेली असायची. हे सगळं वर्डप्रेसवर इतकं सहज झालं नाही, हे मान्य करायलाच हवं.

मग एप्रिलमध्ये पुण्याहून एका आजोबांचा फोन आला. दर वर्षी आमच्याकडून दोन पेट्या नेणारं घर. म्हणाले, “अहो, तुमचा फॉर्म माझा नंबरच घेत नाही. तीनदा भरला.” मला वाटलं, एखादा आकडा कमी पडत असेल. नातवाकडून स्क्रीनशॉट मागवला. नाव, पत्ता सगळं सुरेख मराठीत भरलेलं, आणि मोबाइल नंबरही मराठीत: ९, ८, २... पूर्ण दहा आकडे. त्याभोवती लाल चौकट आणि खाली इंग्रजीत सूचना, की योग्य नंबर टाका. पिनकोडचीही तीच गत.

कारण साधं आहे. मराठी कीबोर्ड लावून पत्ता लिहिणारा माणूस पुढच्या रकान्यात कीबोर्ड बदलत नाही. त्या फॉर्ममध्ये नंबरासाठी आकड्यांचा वेगळा कीपॅड उघडत नव्हता, नेहमीचाच कीबोर्ड राहायचा, आणि त्यावर अंक देवनागरी. संगणकाच्या लेखी ‘९’ आणि इंग्रजी नऊ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. तपासणीत फक्त इंग्रजी शून्य ते नऊ चालतील असं लिहिलं असेल, तर आपला अंक त्याला अंक वाटतच नाही.

मदत केंद्राला लिहिलं. उत्तर नम्र होतं: गिऱ्हाइकांना इंग्रजी कीबोर्ड वापरायला सांगा. मी ते उत्तर दोनदा वाचलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, जो आपल्याच भाषेत, आपलाच नंबर, बरोबर लिहितोय, त्याला मी हे सांगायचं? आजोबांनी निदान फोन केला. लाल चौकट बघून गुपचूप पान बंद करणारे किती होते, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नव्हती. आपण काही कोड घालून हे सुधारू म्हटलं, तर फॉर्म त्यांच्या सर्व्हरवरून वेगळ्या चौकटीत येत होता. आपल्या पानावरची स्क्रिप्ट तिथं आत पोचत नाही. माझ्यासाठी निर्णय तिथंच झाला.

वर्डप्रेसवर मी काँटॅक्ट फॉर्म ७ नावाचा प्लगइन घेतला. फुकट आहे, दिसायला अगदी साधा आहे. त्यातला फोनचा तयार रकानाही इंग्रजी अंकच मागतो, पण इथं फॉर्म आपल्याच पानाचा भाग असतो. भाच्याने दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट घातली: देवनागरी अंक टाइप होता होताच इंग्रजीत बदलतो. मोबाइलवर त्या रकान्यात बोट ठेवलं की आकड्यांचा कीपॅड उघडतो, आणि लॅपटॉपवरून किंवा व्हॉट्सॲपमधून उचलून चिकटवलेला पिनकोडही चालतो. सूचनाही बदलता येतात. आता नंबर राहिला तर खाली येतं, “मोबाइल नंबर लिहायचा राहिला, पेटी पोचताना फोन करावा लागतो.” हे वाचून लोक भरतात.

त्रास झाला नाही असं नाही. हा प्लगइन आलेला मजकूर स्वतः साठवत नाही, फक्त मेल पाठवतो. त्यासाठी त्याच लेखकाचा फ्लेमिंगो नावाचा जोडीदार लावावा लागतो. पहिल्या आठवड्यात मेल स्पॅममध्ये जात होते, म्हणून होस्टिंगच्या भरवशावर न राहता एसएमटीपीचा, म्हणजे आपल्या ईमेल खात्यातून रीतसर मेल पाठवणारा, प्लगइन घातला. रकमेचा हिशोब मी सोडून दिला आणि दरांचा साधा तक्ता ठेवला. अपडेट्स तर महिन्यातून एकदा बसून करावेच लागतात, आणि त्याआधी बॅकअप. हंगामात, पेट्या भरायच्या घाईत, हे नको वाटतं. म्हणून मी मोठी अपडेट्स फेब्रुवारीतच उरकतो.

कुणी म्हणेल, फॉर्म हवाच कशाला, व्हॉट्सॲपचं बटण पुरे. ते बटण दोन्हीकडे सारखंच बसतं, साधी लिंक असते, आणि मीही ठेवलंय. पण अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एकाच माणसाचा पत्ता पाच मेसेजमध्ये विखुरलेला, मध्ये आवाजी निरोप, त्यात “कालच्यापेक्षा एक पेटी वाढवा”. फॉर्ममधून आलेल्या ऑर्डरचा पत्ता मी तसाच छापून पेटीवर चिकटवतो.

तुमच्याकडे वेबसाइट सांभाळणारं कुणीच नसेल, आणि गिऱ्हाईक बहुतेक इंग्रजीतच लिहिणारं असेल, तर बिल्डर घ्या. मी अडवणार नाही. गिऱ्हाईक घरगुती, मराठीत लिहिणारं असेल, तर मी वर्डप्रेसकडे झुकेन. पैसे भरण्याआधी मात्र एवढं करा: बिल्डरच्या चाचणीच्या मुदतीत फॉर्म बनवा, मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावा, आणि वडिलांच्या किंवा आजीच्या हातात द्या. शेजारी बसा, पण सांगू नका काही. नंबराच्या रकान्यापाशी काय होतं ते बघा.