क्वांटम पेंडंट: आयन मीटर चढतं, तेच तर दुखणं

काळं गोल लॉकेट, व्यास साडेचार सेंटीमीटर, वजन वीस ग्रॅमच्या आसपास, पुढच्या बाजूला उठावाची नक्षी, काळी दोरी आणि सोबत 'ऑथेंटिसिटी'चं प्लास्टिक कार्ड. कुणी याला क्वांटम पेंडंट म्हणतं, कुणी स्केलर एनर्जी पेंडंट. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतं. हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या चेन मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये तोच नग काही हजारांना खपतो. दावे ठरलेले: 'जपानी लाव्हा'पासून बनवलेलं, निगेटिव्ह आयन (ऋण विद्युतभार आलेले रेणू) सोडतं, मोबाइलचं रेडिएशन अडवतं, रक्ताभिसरण सुधारतं, शुगर आटोक्यात ठेवतं.

रेटिंग शून्य. पण "काही उपयोग नाही, नुसती फसवणूक" एवढं लिहून सोडून देता येत नाही. कारण यातले बरेच नग खरोखर काहीतरी करतात, आणि ते जे करतात ते गळ्यात चोवीस तास नको असतं.

डेमोतला सगळ्यात भारी आयटम म्हणजे आयन मीटर. डिस्ट्रिब्युटर रिमोटएवढं यंत्र पेंडंटवर धरतो, आकडा हजार-दोन हजारांवर जातो, हॉलमध्ये टाळ्या. लोक नंतर विचारतात, मीटरमध्ये सेटिंग असेल का? बहुतेक वेळा नसतं. आकडा खरा असतो, त्याचा लावलेला अर्थ खोटा असतो. एका जागी पडून राहिलेला दगड, त्याला वीज नाही, उष्णता नाही, तरी तो भोवतीच्या हवेचे आयन करत असेल, तर त्याला एकच सरळ कारण आहे: तो किरणोत्सर्गी आहे. अशा पदार्थातून सुटणारा अल्फा नावाचा जड कण हवेतून जाताना एकेका रेणूचा इलेक्ट्रॉन उडवत जातो. आयनांची एक जोडी तयार करायला साधारण ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक अल्फा कण थांबेपर्यंत पावणेदोन लाख जोड्या तयार करतो. आणि जोडी म्हणजे जोडीच. प्रत्येक निगेटिव्ह आयनामागे एक पॉझिटिव्ह आयन तयार होतो. तेव्हा 'फक्त निगेटिव्ह आयन' हा दावा तिथेच संपला. 'खनिजांसाठीचं आयन मीटर' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांत तर आयन मोजलेच जात नाहीत. आत गायगर ट्यूब (किरणोत्सर्ग टिपणारी नळी) असते आणि पडद्यावर किरणोत्सर्गाच्या आकड्याला आयनांचं नाव दिलेलं असतं.

म्हणून विक्रेत्यासमोर तपासणी फुकटात होते. मीटर चढलं तर माल किरणोत्सर्गी. नाही चढलं तर भाजलेल्या मातीची चकती. दोन्हीकडून पैसे वाया, पण पहिल्या प्रकारात वस्तू घरात ठेवण्याचाही प्रश्न येतो.

आत असतं काय? भाजलेल्या सिरॅमिकमध्ये खनिजाची पूड मिसळलेली असते. टुर्मलीनचं नाव मोठ्यानं घेतलं जातं. टुर्मलीन हे बोरॉनचं सिलिकेट. दाबलं किंवा तापवलं-थंड केलं तर त्याच्या टोकांवर विद्युतभार येतो हे खरं, पण गळ्यात स्थिर लटकून ते आयनांचा झरा होत नाही. मीटर हलवणारा घटक दुसराच: मोनाझाइट, कधी झिर्कॉन. मोनाझाइट हे सिरियम, लँथॅनम वगैरे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचं फॉस्फेट. त्यात थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य घर करून असतं. केरळच्या चवरा आणि तमिळनाडूच्या मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचं प्रमाण ८-९ टक्क्यांच्या घरात जातं. आपल्याकडे अणुऊर्जा कायद्याखाली मोनाझाइट हा विहित पदार्थ आहे, ते कुणीही उचलून विकायचं नसतं. परदेशातून तयार पेंडंटमध्ये भाजून आलेलं मात्र कुरिअरनं घरपोच येतं.

आता तो 'लाव्हा'. महाराष्ट्रात बसून लाव्ह्याचं कौतुक ऐकायचं म्हणजे कमाल आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हाच, आणि बेसॉल्टमध्ये थोरियम दशलक्ष भागांत जेमतेम काही भाग. घरातला पाटा किंवा जातं किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरखाली ठेवा, काटा जागचा हलत नाही. पेंडंट खरंच तसल्या लाव्ह्याचं असतं तर तेही गप्प बसलं असतं. ते बोलतंय याचाच अर्थ वरून काहीतरी घातलंय.

मोजणीसाठी एम-४०११ काचेच्या ट्यूबचा हातातला गायगर काउंटर वापरला. हौशी लोकांकडे हाच सर्रास असतो. पद्धत महत्त्वाची, कारण इथेच बहुतेक व्हिडिओ गंडतात. आधी पेंडंट दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं पार्श्वभूमी, म्हणजे एरवीही आसपास असणारा किरणोत्सर्ग, मोजायची. मिनिटाला २२ ठोके (एक ठोका म्हणजे ट्यूबनं टिपलेला एक कण किंवा किरण) आले तर दहा मिनिटांत २२० होतात, आणि त्यातली चूक त्याच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १५, सात टक्के. एकाच मिनिटाचा आकडा घेतला तर चूक वीस टक्क्यांच्या वर जाते. मग पार्श्वभूमीलाच कुणी "रेडिएशन वाढलं" म्हणून बोंब मारतो. ट्यूब नेमकी कुठे आहे ते केसवरच्या खाचांवरून ओळखून पेंडंट तिथे टेकवायचं. काउंटर आधी तपासून घ्यायचा असेल तर खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश अर्धा किलो पिशवीत पसरून त्यावर ठेवा. पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी प्रकारामुळे त्याच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे १६ विघटनं होतात, ठोके दीडपट ते दुप्पट दिसायला हवेत. तेवढेही वाढले नाहीत तर काउंटर दुरुस्तीला.

या नगाचे आकडे असे: टेकवून मिनिटाला १८८. मध्ये कागद घातला तरी तेवढेच, कारण अल्फा कण ट्यूबच्या काचेतून मुळात आत जातच नाहीत, तेव्हा कागदानं अडवायला काही उरत नाही. तीन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा घातल्यावर ४१. पाच सेंटीमीटर दूर नेल्यावर ६०. एक फुटावर पार्श्वभूमीत विरून गेलं. पत्र्यानं एवढा फरक पडतो म्हणजे ट्यूबला जाणवणारा बहुतेक मारा बीटा कणांचा, म्हणजे वेगानं सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. उरलेल्या ठोक्यांत मुख्यतः आरपार जाणारे गॅमा किरण. थोरियम-२३२ ते शिसं-२०८ या साखळीत (एक मूलद्रव्य विघटून दुसरं होत जातं) सहा अल्फा आणि चार बीटा विघटनं असतात, आणि त्यातले जोरकस बीटा अॅक्टिनियम-२२८, बिस्मथ-२१२ आणि थॅलियम-२०८ यांचे. अर्थात गायगर काउंटर मूलद्रव्य ओळखत नाही, नुसते ठोके मोजतो. नाव सिद्ध करायचं तर गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि त्यावर २३९, ९११ आणि २६१४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टला शिखरं दिसली की थोरियमच्या साखळीबद्दल शंका उरत नाही.

इथे एक सावधगिरी, आणि ती पेंडंटवर टीका करणाऱ्यांसाठी. काउंटरच्या पडद्यावर ठोक्यांसोबत मायक्रोसिव्हर्टही (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) येतात. या ट्यूबला ठोक्यांना ०.००६५ नं गुणलं जातं, म्हणजे १८८ ठोक्यांना ताशी १.२२ मायक्रोसिव्हर्ट. लगेच कुणीतरी चोवीस तास गुणिले ३६५ करून वर्षाला १०.७ मिलिसिव्हर्ट काढतो आणि "मर्यादेच्या दहापट" असा मथळा देतो. तो हिशोब चुकीचा. गुणक गॅमासाठी बेतलेला आहे, ठोके मात्र बहुतांश बीटाचे. पत्रा लावून पार्श्वभूमी वजा केली की १९ ठोके उरतात, म्हणजे ताशी ०.१२ मायक्रोसिव्हर्ट, तेही पेंडंटला चिकटलेल्या जागी. संपूर्ण शरीराला त्याहून खूपच कमी. लोकांसाठीची वर्षाची एक मिलिसिव्हर्टची मर्यादा संपूर्ण शरीराची आहे, ती असं एखादं पेंडंट ओलांडेलच असं नाही.

याचा अर्थ सगळं ठीक, असाही नाही. बीटा कण कातडीत काही मिलिमीटर शिरतात आणि पेंडंट रोज त्याच रुपयाएवढ्या जागेवर टेकलेलं असतं. कातडीसाठीची मर्यादा वेगळी आहे, वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट, आणि ती एक चौरस सेंटीमीटर जागेवर मोजायची असते. हातातला काउंटर ती मोजून देत नाही. नगानगात थोरियमचं प्रमाण किती बदलतं हेही विकणाऱ्याला ठाऊक नसतं, पाकिटावर तर अक्षरही नसतं. केरळच्या करुनागप्पल्लीच्या अशाच मोनाझाइटच्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, तिथल्या दीर्घ अभ्यासात कॅन्सर वाढलेला दिसला नाही, हा मुद्दा विक्रेते हल्ली पुढे करतात. अभ्यास खरा आहे. पण माणसं जिथे जन्मली तिथली जमीन आणि पैसे मोजून छातीवर बांधलेली चकती यांची तुलना होत नाही.

किरणोत्सर्गी पदार्थ घरात वापरूच नयेत असं कुणी म्हणत नाही. पेट्रोमॅक्सच्या जुन्या मेंटलमध्ये जवळपास ९९ टक्के थोरियम ऑक्साइड असायचं, काउंटर त्यावर पेंडंटपेक्षा जोरात वाजतो. पण त्यानं लग्नमांडव उजळले. धूर ओळखणाऱ्या आयनीकरण डिटेक्टरमध्ये किरणोत्सर्गी अमेरिसियम-२४१ असतं, आणि तो आग लागल्यावर जीव वाचवतो. तिथे घेतलेल्या किरणोत्सर्गाच्या बदल्यात काहीतरी हातात पडतं. पेंडंटच्या बाबतीत हिशोबाची दुसरी बाजू कोरी आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१४च्या सुरक्षा मानकांत खेळणी आणि दागिने यांत किरणोत्सर्गी पदार्थ घालणं असमर्थनीयच ठरवलं आहे, मग मात्रा किती का असेना.

बाकीचे डेमो दोन ओळींत. हात ताठ करून खाली दाबतात, पेंडंट नसताना तोल जातो, असताना जात नाही. दाबणाऱ्याचा हात बघा: पहिल्यांदा तो शरीरापासून बाहेरच्या दिशेनं दाबतो, दुसऱ्यांदा पायांच्या दिशेनं आत. पाण्याची चव बदलण्याचा प्रयोग ग्लास कोणता ते न सांगता करायला सांगा, विषय बदलला जातो. मोबाइलच्या बाबतीत तर विनोदच आहे. मोबाइलच्या रेडिओ लहरींत आयन करण्याइतकी ऊर्जा नसते, आणि त्यांच्यापासून 'संरक्षण' म्हणून अंगावर आयन करणारी वस्तू घालायची. मोबाइलच्या मागे लावायच्या अँटी-रेडिएशन स्टिकरमध्येही हीच पूड सापडते.

प्रकाराप्रमाणे धोका बदलतो. चकचकीत भाजलेली चकती त्यातल्या त्यात बरी. पूड आत बंद असते आणि थोरियमच्या साखळीतला किरणोत्सर्गी थोरॉन वायू ५५ सेकंदांत निम्मा होतो, त्यामुळे बाहेर फारसा निसटत नाही. सिलिकॉनचे ब्रेसलेट झिजतात, तडकतात. स्टिकर आणि कापडी डोळापट्ट्यांतून पूड सुटते, आणि ती श्वासातून आत गेली की आतापर्यंत कातडीनं अडवलेले अल्फा कण थेट फुफ्फुसात काम करतात. पाण्याच्या बाटलीत टाकायच्या दांड्या आणि मणी घेऊच नका. कडेवरच्या मुलाच्या तोंडात लॉकेट हमखास जातं, त्यामुळे लहान मुलं असलेल्या घरात तर नाहीच. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंविरुद्ध इशारा दिला, त्यात लॉकेटं होती, झोपताना लावायची डोळापट्टी होती आणि लहान मुलाचं ब्रेसलेटही होतं. सूचना साधी होती: घालणं थांबवा, बाजूला सुरक्षित ठेवा.

घरात एखादं असेल तर तेच करा. झिपच्या पिशवीत घालून डब्यात, डबा माळ्यावर, पलंगापासून लांब. वर दिलेले अंतराचे आकडे पाहिले तर एक-दोन मीटरवर काही उरत नाही, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. आत काय आहे ते बघायला फोडू नका, घासू नका, ड्रिल तर मुळीच नको, जाळूही नका. बंद चकतीची धूळ करणं हाच एकमेव खरा मूर्खपणा ठरेल.

परतावा मागताना 'गुण आला नाही' म्हणून भांडू नका, "अजून तीन महिने घाला" एवढंच उत्तर मिळतं. विक्रेत्याकडे दोन कागद मागा: खनिजाचं नाव आणि किरणोत्सर्गाची प्रयोगशाळेतली तपासणी. देत नाहीतच. मधुमेह बरा होतो असं पत्रकावर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं असेल तर तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. १९५४चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमिडीज कायदा अशा जाहिरातींना मनाई करतो, आणि त्यात ताईत-कवचांचाही समावेश आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पावती नसेल तर यूपीआयच्या व्यवहाराची नोंद जोडा, कारण या धंद्यात पावती सहसा देत नाहीत.