जेम, महाटेंडर्स की पोटकंत्राट? ठाणे-नवी मुंबईच्या लहान कारखान्याने सरकारी कामात कुठून शिरावं

रबाळे, महापे, पावणे किंवा वागळे इस्टेटमध्ये आठ-दहा माणसांचा गाळा चालवणाऱ्याला सरकारी काम मिळवायचं असेल, तर त्याच्यापुढे तीन वाटा असतात. केंद्राचं सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, राज्याचं निविदांचं पोर्टल महाटेंडर्स आणि आधीच काम मिळालेल्या मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालचं पोटकंत्राट. कुठे जास्त टेंडर निघतात यावरून बहुतेक जण वाट निवडतात. मला दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात: तुम्ही नेमकं काय विकता, आणि बिल अडकलं तर किती महिने पगार न थांबवता गाळा चालवू शकता?

तुलनेसाठी एकच धंदा धरू. लोखंडी रॅक, शाळेचे बाक, कपाटं बनवणारा फॅब्रिकेशनचा गाळा, वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आसपास.

आधी उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, कारण ती तिन्ही वाटांवर उपयोगी पडते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ धरला जातो, म्हणजे आपला गाळा त्यात आरामात बसतो. नोंदणी पूर्ण मोफत आहे, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. प्रमाणपत्र हातात आलं की ‘मेजर अ‍ॅक्टिव्हिटी’ची ओळ नीट वाचा. स्वतः कटिंग-वेल्डिंग करणाऱ्या माणसाच्या प्रमाणपत्रावर एजंटने घाईत ‘ट्रेडिंग’ टाकलेलं मी पाहिलंय. व्यापाऱ्याला उद्यममुळे बँकेच्या प्राधान्य कर्जाचा फायदा मिळतो. निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेची माफी आणि खरेदीतलं प्राधान्य मिळत नाही. ती एक ओळ चुकली की पुढची सगळी तयारी वाया जाते.

जेम

जेम ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं आणि केंद्राच्या खात्यांना तिथे मिळणाऱ्या वस्तू व सेवा तिथूनच घ्याव्या लागतात. राज्याची कार्यालयंही तिथे खरेदी करतात. आपल्या भागात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीपासून सीबीडी बेलापूरमधल्या केंद्रीय उपक्रमांच्या मुख्यालयांपर्यंत खरेदीदार हाकेच्या अंतरावर आहेत. रेल्वेच्या मालासाठी मात्र आयआरईपीएस हे वेगळं पोर्टलही बघावं लागतं.

माल बनवणाऱ्यासाठी जेमचा मोठा आधार म्हणजे केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण. खात्यांनी वार्षिक खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ३५८ वस्तू तर फक्त लहानांसाठी राखीव आहेत आणि लोखंडी कपाटं-खुर्च्या त्या यादीत आहेत. शिवाय सर्वात कमी दर मोठ्या कंपनीचा १०० रुपये आला आणि तुमचा ११५ पर्यंत असला, तर १०० वर यायची तयारी दाखवून विभागता येणाऱ्या ऑर्डरचा किमान २५ टक्के भाग तुम्हाला मिळू शकतो.

दहा लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर जेमचं व्यवहार शुल्क नाही. बिड, म्हणजे जेमवरची निविदा, उघडल्यावर सगळ्यात आधी अनुभव आणि उलाढालीतून लघुउद्योगांना सूट आहे का, तो रकाना बघा. तिथे ‘नाही’ असेल आणि तीन वर्षांचा पुरवठ्याचा अनुभव मागितला असेल, तर ती बिड सोडून द्या, त्यात रात्र घालवू नका.

अडचण दराची आहे. रिव्हर्स ऑक्शनमध्ये, म्हणजे कमीत कमी दराच्या उलट्या लिलावात, समोर घड्याळ चालू असतं, दर उतरत जातात आणि माणूस पत्र्याचा भाव विसरतो. आपला तळाचा दर आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावा आणि त्याखाली एक रुपयाही जाऊ नये. पैशांच्या बाबतीत नियम चांगला आहे: माल पोचल्यावर दहा दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र आणि त्यानंतर दहा दिवसांत पेमेंट. प्रत्यक्षात यापेक्षा उशीर होतो, हे धरूनच चाला.

महाटेंडर्स

ठाणे आणि नवी मुंबई महापालिका, सिडको, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम खातं, यांची बहुतांश कामं इथे येतात. काम घराजवळचं, रकमा मोठ्या. आणि नवखा माणूस सगळ्यात जास्त मार खातो तो इथेच, म्हणून या वाटेवर जरा थांबतो.

पहिली भिंत अनुभवाची. केंद्रीय दक्षता आयोगाचं सूत्र अनेक निविदांमध्ये जसंच्या तसं येतं: अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं एक, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन तशीच कामं केलेली हवीत, आणि सरासरी वार्षिक उलाढाल रकमेच्या ३० टक्के हवी. ५० लाखांच्या बाकांच्या निविदेला आपला गाळा उलाढालीत सहज बसतो. पण ४० लाखांचं एक, २५ लाखांची दोन किंवा २० लाखांची तीन कामं दाखवायची कुठून?

दुसरी गोष्ट सवलतींची. केंद्राचं २०१२ चं धोरण महापालिकेला आपोआप लागू होत नाही. राज्यातली खरेदी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातल्या नियमपुस्तिकेवर चालते, त्यामुळे बयाणा माफ आहे की नाही ते प्रत्येक निविदेच्या अटींमध्ये वाचायचं. बांधकामाच्या कामात बहुधा माफी नसतेच. अट अन्यायाची वाटली तर प्री-बिड बैठकीआधी लेखी विचारा आणि शुद्धिपत्रकावर लक्ष ठेवा. तोंडी विचारलेलं कुठेच नोंदवलं जात नाही.

आता भरण्याची बाब. क्लास थ्री डिजिटल सही लागते, सही आणि एन्क्रिप्शन दोन्हींची. सीएच्या उलाढाल प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा पडताळणी क्रमांक नसेल तर दर उघडण्याआधी, तांत्रिक लिफाफ्यातच बाहेर पडायची वेळ येते. दरपत्रकाची एक्सेल फाइल ज्या नावाने उतरवली त्याच नावाने चढवायची. नाव बदललं तर पोर्टल ती घेत नाही. आणि सगळं चढवून झाल्यावर ‘फ्रीझ बिड सबमिशन’ दाबलं नाही, तर तुम्ही निविदा भरलेलीच नाही. कागद चढले, पैसे भरले, म्हणून झालं असं समजून लोक गाळा बंद करून घरी जातात आणि उघडण्याच्या दिवशी यादीत आपलं नाव शोधत बसतात. फ्रीझनंतर येणारी पावती छापून फाइलला लावा. हे सगळं मुदतीच्या आदल्या दिवशी उरकावं, कारण शेवटच्या तासात साइट जड होते.

काम मिळाल्यावरचा हिशेबही आधीच मांडून पाहा. समजा १० लाखांचं बसवण्यासकटचं काम, १८ टक्के जीएसटी धरून बिल ११ लाख ८० हजार. जीएसटीचा २ टक्के टीडीएस २० हजार, प्रोप्रायटर असाल तर आयकराचा १ टक्का १० हजार, सुरक्षा अनामत ५ टक्के धरली तर ५० हजार. हातात आले ११ लाख. टीडीएस पुढे वळता होतो, अनामत दोष दायित्वाचा, म्हणजे कामातले दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून देण्याचा काळ संपल्यावर सुटते. पण तुम्ही बिल दिलं की इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी, वजा जाऊन उरलेला जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचाच, महापालिकेने पैसे दिले असोत वा नसोत. बिल चार महिने अडकलं तर तो कर, पत्र्याचे पैसे आणि चार पगार, सगळं तुमच्या खिशातून जातं.

म्हणून ‘पंचवीस टक्के बिलो’ भरून काम घेतल्याचं कोणी अभिमानाने सांगितलं की मला काळजी वाटते. अंदाजपत्रकाच्या फार खाली गेलात तर अतिरिक्त सुरक्षा ठेवही मागितली जाते. आधीच पातळ झालेल्या नफ्यातला पैसा तिथे अडकतो.

पोटकंत्राट

इथे बयाणा नाही, डिजिटल सही नाही, लिफाफे नाहीत. काम उद्या सुरू होतं. पण ज्यासाठी लोक ही वाट धरतात तो अनुभवच बऱ्याचदा कागदावर मिळत नाही. मुख्य ठेकेदाराने लेटरहेडवर दिलेलं पत्र अनेक खाती मोजत नाहीत. मूळ खात्याने पोटठेकेदार म्हणून लेखी मान्यता दिलेली असेल तरच त्याला वजन येतं.

पैशांबाबत ‘वरून आले की देतो’ हे ठरलेलं उत्तर असतं. कायदा तसं म्हणत नाही. सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून करता येते. शिवाय मुदत उलटून मार्चअखेर थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून आयकरात वजा मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये मोठ्या ठेकेदाराचा सीए स्वतःच तुमचं बिल शोधतो. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी आणि क्रमांक बिलावर छापलेला हवा.

मग कुठून?

आपल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: जेम. दोन-तीन वस्तूंपुरतंच, लहान ऑर्डरी, प्रत्येक ऑर्डरचं स्वीकृती प्रमाणपत्र जपून. त्याच काळात महाटेंडर्सवर निविदा न भरता नुसतं बघत बसावं. तिथे झालेल्या निविदांमध्ये कोणी किती दर भरला हे सर्वांना बघता येतं. वर्षभराचे बाकांचे दर उतरवून काढले की आपला भाव त्या बाजारात टिकतो का ते समजतं. पहिली निविदा अशी निवडा, जिचं सगळं बिल चार महिने थांबलं तरी गाळा चालेल.

रस्ते-गटाराची किंवा इमारत दुरुस्तीची कामं करणाऱ्याला जेमचा फारसा उपयोग नाही. त्याने सार्वजनिक बांधकाम खात्याची ठेकेदार नोंदणी करावी. सुशिक्षित बेरोजगार अभियंता किंवा मजूर सहकारी संस्था असाल तर जिल्हा परिषदेच्या काम वाटपाची चौकशी आधी करा. हाउसकीपिंग आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्यांना जेमवर बिडी भरपूर दिसतील, पण किमान वेतन, पीएफ, ईएसआयसी बिलाची वाट न बघता द्यावे लागतात. तीन महिन्यांचे पगार बँकेत नसतील तर त्यांनी थांबावं.

पोटकंत्राट मी एकाच स्थितीत सुचवेन: मशिन रिकामं आहे आणि हातात लेखी परचेस ऑर्डर आहे. ती घेताना तीन गोष्टी तिच्यातच लिहून घ्या: पेमेंटचे दिवस, आगाऊ रक्कम आणि मूळ खात्याला तुमचं नाव कळवल्याच्या पत्राची प्रत.